ईस्टरचे खेकडे

उपवासकाळातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटायच्या आत, तेओदोर मापूच्या खाडीवर जाऊन दोरी बांधून आला.

ईस्टर आला की कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरची गावंच्या गावं बिऱ्हाड उचलून किनाऱ्यावर राहायला जातात. गाद्या, शेगड्या, जनरेटर, म्हाताऱ्या, तान्ही मुलं, सगळं तंबूत. चांगल्या सावलीच्या झाडांना आधीच दोरी गुंडाळून ठेवायची, की आतली जागा त्या कुटुंबाची. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण दुसऱ्याच्या दोरीच्या आत शेगडी मांडणाऱ्याला पुढे गावातल्या कुठल्याही लग्नात शेजारी बसायला माणूस मिळत नाही.

"बांधली!" अंगणात येऊन तेओदोर म्हणाला. साखर कारखान्याचा ट्रक चालवून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही गाडीच्या आवाजावर मात करायची असल्यासारखाच बोलायचा. "मोईझची पोरं त्या बदामाच्या झाडांवर डोळा ठेवून होती. यंदाही बसू देत उन्हात."

"मोईझकडचे पलीकडच्या किनाऱ्यावर चाललेत," त्याची बायको ओदिल तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "त्यांची म्हातारी दुकानात सांगत होती. यंदा त्या खाडीवर जाणारा गावात एकच शहाणा आहे."

"बघ! पळाले! म्हणूनच बांधायची."

लुसेत पायरीवर कॉफीचा कप घेऊन बसली होती. ती तेओदोरची धाकटी बहीण. गल्ली ओलांडली की तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिचा दिवस पहाटेच्या जपमाळेनं सुरू होऊन संध्याकाळच्या जपमाळेनं संपायचा. उपवासकाळात कुणी रम सोडतं, कुणी गोड सोडतं. लुसेतनं यंदा राग सोडला होता. ईस्टरपर्यंत आवाज चढवायचा नाही, रागाचा शब्द ओठांवर आणायचा नाही, असं तिनं पवित्र मातेसमोर कबूल केलं होतं आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोगही नव्हता. लुसेतला राग येतो हेच गावाला ठाऊक नव्हतं. तिला मात्र चांगलं ठाऊक होतं.

समुद्राकडून वारा आला आणि त्याबरोबर कुजक्या अंड्यांचा तो वास आला. गेली काही वर्षं उन्हाळा तापायला लागला की भर समुद्रातून तांबूस शेवाळाचे तांडेच्या तांडे वाहत येत. बेटावर त्याला सगळे सारगास म्हणत. पाण्यावर असेपर्यंत ते दिसायला सोनेरी. किनाऱ्याला लागलं, साचलं, कुजलं, की त्यातून विषारी वायू सुटे. ओदिलच्या कानातली चांदीची फुलं त्यानं काळी पडली होती. टीव्ही गेला होता. फ्रीज दोनदा दुरुस्त करून झाला होता.

"आणि हा वास येतोय त्याचं काय?" ओदिलनं नाकाला पदरासारखा ॲप्रन लावला.

"कसला वास? समुद्राला समुद्राचा वास येणार. अत्तराचा येईल का?"

तेवढ्यात लुसेतचा फोन वाजला. पॅरिसहून कात्या, तिची मुलगी. तीन वर्षांनी लेकीला घेऊन येत होती. लेक सोलेन सहा वर्षांची, जन्मापासून दम्याची. श्वासाचा पंप तिच्या दप्तरात खाऊच्या डब्याशेजारी असे.

"आई, तंबू मापूच्याच खाडीवर ना? सोलेनला मी सांगून ठेवलंय, मी जिथे पोहायला शिकले तिथेच तूही शिकणार. पण इथे बातम्यांत ते शेवाळ दाखवतात. आपल्याकडे आहे का गं?"

लुसेतनं तोंड उघडलं. तेओदोरनं तिच्या हातून फोन अलगद काढून घेतला.

"कात्या, मामा बोलतोय! अगं, आहे थोडंसं. दोन फावडी. तू येईपर्यंत मी स्वतः साफ करतो. पोरीला आण तू. समुद्राची हवा लागली की तिचा दमा कुठल्या कुठे पळेल. तो पॅरिसच्या धुराचा आजार आहे."

पलीकडे कात्या हसली. फोन परत लुसेतच्या हातात आला. खोटं, असं तिच्या जिभेवर आलं आणि त्या शब्दाला एवढी धार होती की तिनं तो गिळला. "ये बाळा," एवढंच ती म्हणाली. घरी गेल्यावर तिनं आधीच घासलेली भांडी पुन्हा घासली. इतकी घासली, की एका पातेलीचा कान हलायला लागला.

बुधवारी ती स्वतः खाडीवर गेली. वळणावरच डोळे चुरचुरायला लागले. वाळू म्हणून नव्हतीच. पाण्यापासून थेट झाडांपर्यंत गुडघाभर तपकिरी राड, वर कडक पापुद्रा, खाली लिबलिबीत काळं. मधूनमधून मेलेले मासे पांढरी पोटं दाखवत होते. नगरपालिकेनं लावलेली प्रवेशबंदीची लाल-पांढरी फीत कुणीतरी कापून बाजूला टाकली होती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, तोंडाला फडकं बांधून, सहासष्ट वर्षांचा तिचा भाऊ एकटा फावड्यानं वाट काढत होता. त्यानं उपसलेल्या जागी समुद्र मागून नवीन आणून टाकत होता.

"ही तुझी दोन फावडी का?" तिनं हळूच विचारलं.

"आलीस का टोमणे मारायला?" त्यानं फडकं खाली ओढलं. डोळे लालभडक झाले होते. "ऐक लुसेत. निवडणुकीच्या आधी हे उपसायचं यंत्र आलं होतं की नाही? आलं. आता म्हणतात पैसे संपले. फीत लावली की काम झालं! आपण एक वर्ष आलो नाही, दुसऱ्या वर्षी आलो नाही, की ते म्हणणार, या खाडीची गरजच नाही कुणाला. कचरा टाका तिथे. बाबांनी ही झाडं लावलीत. मी सोडणार नाही."

झाडांबद्दल तो खरं बोलत होता. नगरपालिकेबद्दलही. त्याचाच लुसेतला जास्त राग आला.

"आणि सोलेन?"

"तिला काय होतंय! आपण सगळे इथेच वाढलो ना?"

आपण वाढलो तेव्हा हे नव्हतं, असं तिला ओरडून सांगायचं होतं. तिनं ते शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगितलेलं तेओदोरला ऐकू येत नसे. त्यानं फावडं उचललं.

त्या शुक्रवारी देवळात क्रुसाच्या वाटेला, येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या प्रत्येक चित्रापुढे गुडघे टेकताना तिच्या मनात प्रार्थना कमी आणि भाऊच जास्त होता. व्रत पाळतेय की लपतेय, हा प्रश्न तिला पहिल्यांदा तिथे पडला. उत्तर मिळालं नाही. गुडघे मात्र दुखले.

झावळ्यांच्या रविवारनंतर, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, कात्या आणि सोलेन आल्या. सोलेन बारीक, लांब हातापायांची, प्रश्नांची पोतडी. तेओदोरनं पहिल्याच दिवशी तिला आपल्या घरामागच्या शेडमधली पत्र्याची पिंपं दाखवली. पिंपांत बिळांतून पकडलेले जमिनीवरचे मोठे खेकडे. ईस्टरच्या सोमवारी भातात शिजवायच्या या खेकड्यांना आधी कितीतरी आठवडे घरी ठेवून नारळ, आंबा, मिरची असं चांगलंचुंगलं खायला घालायचं, म्हणजे पोटातली घाण निघून मांस गोड होतं. तेओदोरच्या खेकड्यांचं गावात नाव होतं.

"हा निळा दादागिरी करणारा तुझा," तो सोलेनला म्हणाला. "नाव ठेव."

"मामाआजोबा! याचं नाव तेओदोर."

"का गं?"

"तो सगळ्यांना ढकलतो."

ओदिल इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. लुसेतही हसली. हे असं हसणं घरात यावं म्हणून तर ती तीन वर्षं वाट बघत होती. सोमवारी नातीला मांडीशी बसवून नांगी दगडानं कशी फोडायची ते ती शिकवणार होती.

रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसताना तिनं कात्याला सांगितलं, "बाळा, खाडीवर जायला नको. वास फार आहे. सोलेनला सोसणार नाही."

"आई, तू पावसालाही घाबरतेस. मामा म्हणाला साफ केलंय."

"केलेलं नाही."

"मग तू त्याला सांग ना. तुझा भाऊ आहे."

लुसेतनं ताट पुसलं. मग तेच ताट पुन्हा पुसलं.

गुड फ्रायडेला नळाचं पाणी गेलं. ते नेहमीच जायचं, पण सणाच्या तोंडावर गेलं की आख्खी गल्ली नगरपालिकेच्या आयाबहिणी काढायची. साठवलेलं पाणी पिण्यापुरतं होतं. खेकड्यांना ओलावा लागतो, नाहीतर सुकतात. तेओदोरनं संध्याकाळी खाडीवरून पोती भरून ओलं सारगास आणलं, पिंपांच्या तळाशी जाड थर दिला, वरून थोडं पसरलं, आणि उन्हाची झळ नको म्हणून पिंपांवर पत्रा ठेवून त्यावर भिजलेलं गोणपाट घातलं. वर ओदिलला म्हणाला, "बघ, तुम्ही ज्याला विष म्हणता त्याच्याच गादीवर झोपलेत. समुद्राचीच वस्तू आहे ती."

शनिवारी सकाळी सोलेन उठल्या उठल्या आजीचा हात ओढत शेडकडे निघाली. निळ्या तेओदोरला आंब्याची साल द्यायची होती. लुसेतनं गोणपाट काढलं, पत्रा उचलला.

वास नाकात नव्हे, डोक्यात घुसला. आतले सगळे खेकडे एकमेकांवर चढलेल्या अवस्थेत निपचित पडले होते. वरच्यांच्या तोंडाशी फेस होता, नांग्या पिंपाच्या काठाकडे ताणलेल्या. बाहेर पडायला धडपडले असावेत. सोलेननं वाकून आत बघितलं. "आजी, हे झोपलेत का?" आणि पुढचा शब्द निघायच्या ऐवजी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज निघाला.

लुसेतनं तिला उचललं आणि अंगणातून, गल्लीतून, वाऱ्याच्या उलट्या दिशेला धावली. "पंप आण, कात्या! पंप!" कात्या अनवाणी धावत आली. एक फवारा, दुसरा. पोरीचे ओठ निळसर झाले होते. मानेशी खळगा पडत होता, भरत होता, पडत होता. मग हळूहळू शिट्टी बारीक झाली आणि सोलेन रडायला लागली. रडणं ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेडमधून तेओदोरचा आवाज आला. "विष घातलं! मोईझच्या पोरांनी माझ्या खेकड्यांना विष घातलं!"

लुसेतनं पोरीला कात्याच्या हाती दिलं आणि ती शेडकडे वळली.

"मोईझनं?" तिचा आवाज कुठून आला ते तिलाच कळलं नाही. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. "मोईझनं घातलं? पोती कुणी आणली? थर कुणी दिला? झाकण कुणी ठेवलं? तू! चिखलात जगणारे, कशानं न मरणारे खेकडे एका रात्रीत मेले, आणि त्याच्याच शेजारी तू माझ्या नातीला निजवणार होतास! दोन फावडी म्हणालास! माझ्या फोनवर, माझ्या तोंडासमोर! धुराचा आजार म्हणालास! ती मेली असती तर काय म्हणाला असतास? तेही मोईझनं केलं?"

"लुसेत, अगं हळू…"

"हळू बोलले! आख्खा उपवासकाळ हळू बोलले! ऐकलंस का एकदा तरी? जागा, जागा, जागा! मेलेल्या वाळूला दोरी बांधून बसलास आणि जितं पोर तुला दिसलं नाही!"

तेओदोर पिंपाला धरून उभा राहिला. "मी मुद्दाम केलं का गं?"

"नाही," मागून ओदिल शांतपणे म्हणाली. "मुद्दाम नाही केलंस. न ऐकता केलंस. तेच तू जन्मभर करतोस." आणि घरात निघून गेली.

दुपारी लुसेत स्वयंपाकघरात एकटी बसली. ईस्टर एका दिवसावर असताना व्रत मोडलं होतं. आता पश्चात्ताप होईल म्हणून ती वाट बघत राहिली. झाला, पण निराळ्याच गोष्टीचा. व्रत उशिरा मोडल्याचा. पवित्र मातेच्या तसबिरीकडे बघून तिनं ते तसंच सांगितलं, क्षमेचा शब्द न लावता.

सोमवारी सकाळी ओदिल दारात आली. "गेला तो. तंबू, शेगडी आणि तुमच्या आईचं मोठं भांडं घेऊन खाडीवर बसलाय. एकटा. म्हणतो, कुणीतरी बसायला हवं."

"बसू दे," कात्या म्हणाली. तिला कुठूनतरी पलीकडच्या किनाऱ्यावर मैत्रिणीच्या तंबूशेजारी कोपरा मिळाला होता. "आई, आवर. निघू या."

"भांडं आणते," म्हणून लुसेत ओदिलच्या गाडीत बसली.

तेओदोर दोरीच्या आत खुर्चीवर बसला होता, गुडघ्यांपर्यंत राड. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते रडणं होतं की वायू, हे विचारायची लुसेतला इच्छा नव्हती.

"भांडं दे."

"हे भांडं इथलं आहे. दर ईस्टरला इथेच चढतं."

"कुणासाठी चढवतोस? मेलेल्या माशांसाठी? इथे तू कुणाला दिसणार आहेस? मरून पडशील, आणि ते येऊन नवीन फीत लावतील."

"मग जाऊ कुठे?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता खोकला. "सांग ना! पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन लोकांकडे कोपरा मागू? माझी खाडी असताना?"

लुसेतनं वर बघितलं. टेकाडावर नगरपालिकेची पांढरी इमारत, पुढे हिरवळ, हिरवळीवर गुलमोहराची सावली. तिथे पाण्याचा फवारा फिरत होता. गल्लीत थेंब नव्हता, आणि तिथे गवताला पाणी चाललं होतं.

"उचल ते भांडं," ती म्हणाली.

"म्हणजे तू माझ्याशी बोलतेस?"

"नाही. भांडं उचल म्हणाले."

दहाच्या सुमाराला नगरपालिकेच्या हिरवळीवर तंबू उभा राहिला. गाद्या आल्या, जनरेटर आला, शेगडी आली. कात्यानं आधी डोक्याला हात लावला, मग सोलेनला सावलीत बसवून स्वतः कांदे चिरायला घेतले. लुसेतनं कांद्याची पात, ओवा, लसूण, मिरची घालून भात शिजवला, खेकड्यांच्या भातासारखाच, फक्त खेकडे नव्हते. गुडघा धरल्यामुळे पलीकडे न गेलेली मोईझची म्हातारी आपली खुर्ची घेऊन आली. तेओदोरकडे बघून म्हणाली, "काय रे, ऐकलं मी विष घालते म्हणून?" तेओदोरनं मान खाली घालून तिला पहिली ताटली दिली. मग आणखी लोक आले. कुणी कोंबडी आणली, कुणी ढोल. रखवालदार दोनदा फोन करून आला आणि तिसऱ्यांदा जेवायला बसला.

लुसेत आणि तेओदोर तंबूच्या दोन टोकांना होते. तो मीठ मागायचा ते ओदिलकडे.

दुपारी वारा चढला. टेकाडावर सहसा न पोचणारा तो वास हिरवळीवर आला. आधी बायकांनी नाकाला हात लावले. मग सोलेन खोकली, एकदा, दोनदा. कात्या ताडकन उठली.

"आई, मी हिला नेते पलीकडे. तूही चल. इथे तुझं काय अडलंय? आमची शनिवारी परतीची फ्लाइट आहे."

लुसेतच्या हातात पळी होती. तिला जायचं होतं. नातीचे ओले केस पुसायचे होते, तिला पाण्यात पोटाखाली हात देऊन तरंगवायचं होतं. तिनं एक डबा भातानं भरला, झाकण दाबून बसवलं आणि सोलेनच्या मांडीवर ठेवला.

"आजी, तू नाही येत?"

"नाही बाळा."

"रागावलीस?"

"हो," लुसेत म्हणाली. "तुझ्यावर नाही." पोरीच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि गाडीचं दार लावलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. पळीतून भाताचं पाणी तिच्या चांगल्या झग्यावर ठिबकत होतं.

परत आली तर उपनगराध्यक्ष आले होते. रखवालदारानं त्यांना बोलावलं असावं. अर्धी चड्डी, फुलाफुलांचा सदरा, मानेवर उन्हाचा ताजा लाल पट्टा. हसून सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होते.

"अहो, सणाचा दिवस, आणि किनारा सोडून इथे? ही सरकारी जागा आहे. असं चालणार नाही बरं. लेखी अर्ज द्या, पुढच्या आठवड्यात आपण बघू."

तेओदोर उठायला लागला. लुसेतनं त्याच्याकडे न बघता हात आडवा केला.

"साहेब, तुमच्या पायाला वाळू आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण ढोल थांबला. "पांढरी वाळू. पलीकडची."

उपनगराध्यक्षांनी पायांकडे बघितलं. एक पाय दुसऱ्यामागे नेला.

"म्हणजे… कुटुंबाबरोबर… मुलं हट्ट करतात…"

"माझ्या नातीनंही केला. ती आत्ता गेली. इथे राहिली असती तर श्वास अडकला असता तिचा." तिनं एक ताटली घेतली, भात वाढला, वर मिरची ठेवली. "यात खेकडे नाहीत. ते मेले."

वाऱ्याचा आणखी एक झोत आला. उपनगराध्यक्षांचा हात नकळत खिशातल्या रुमालाकडे गेला.

"रुमाल राहू द्या," लुसेत म्हणाली आणि कात्याची रिकामी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "बसा. जेवा आमच्याबरोबर. आणि वास घ्या."